दोन ठोक्यांची जागा

“तू तुझं वाजव. कुठं थांबायचं ते मी बघतो.”

ड्रमवाल्याचं हे सहा वर्षांपूर्वीचं वाक्य गिटारवाल्याच्या मनात अजून सलत होतं. केवढा तो तोरा! गाणी याची, चाली याच्या, तीस वर्षांपूर्वी चार डोकी जमवून बँड उभा केला तोही यानंच. आणि थांबायचं कुठं, ते मात्र तो बघणार!

आता ड्रमवाल्याच्या स्टुलावर बाई बसल्या होत्या. गालिच्यांच्या दुकानाखालचं तळघर, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींवर ठोकलेले विटके गालिचे, रविवारची दुपार. बाकीचे दोघे जेवायला घरी गेले होते. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, हौसेनं ड्रम वाजवायच्या आणि बावीस वर्षं या बँडच्या चाहत्या होत्या. ड्रमवाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा चार महिन्यांपुरत्या मदतीला आल्या होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गिटारवाल्यानं मित्राचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, “तुझी जागा तुझीच. बरा झालास की मी स्वतः न्यायला येईन.” गुडघा बरा झाला. तीन दिवसांपूर्वी निरोप आला, ‘डॉक्टर हो म्हणाले. कधी येऊ?’ गिटारवाल्यानं उत्तर दिलं नाही. तिसाव्या वर्षाच्या कार्यक्रमाचं पोस्टर आज संध्याकाळी छापायला जाणार होतं. त्यावर चौथं नाव बाईंचं घालायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

कारण होतं ‘भट्टी’. हे प्रत्येक कार्यक्रमातलं त्यांचं शेवटचं गाणं. रेडिओनं ते कधी लावलं नाही. वर्तमानपत्रात बँडचा फोटो तीस वर्षांत एकदाच आला, तोही हॉलचं छत गळतं या बातमीसोबत. पण एकशेचाळीस माणसांना ‘भट्टी’ तोंडपाठ होतं. त्यांत एक परिचारिका होती, दोन बसचालक होते, एक आजोबा आणि त्यांची नात होती. पाठीवर बँडचं नाव शिवलेली जाकिटं घालून ही मंडळी कुठूनकुठून यायची आणि मंचाला चिकटून उभी राहायची. गाण्याच्या ऐन टोकाला ड्रमवाला एकदम थांबायचा. काठ्या वर, हॉल स्तब्ध. दोन ठोके नुसते रिकामे. आणि त्या रिकाम्या जागेत एकशेचाळीस मुठी वर जायच्या. “घण! घण! घण!”

घण म्हणजे ड्रमवाला. हे लाडाचं नावही त्यांनीच ठेवलेलं. गिटारवाल्याला कुणी काही नाव ठेवलं नव्हतं. तो मान खाली घालून तारांकडे बघत राहायचा आणि आतल्या आत जळायचा. पीठ आपण दळायचं, आणि यानं आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या! मत्सराचं असंच असतं. तो जेवायला नाही मागत, माणसालाच खातो.

“बाई, ‘भट्टी’तलं ते थांबणं काढून टाका,” तो म्हणाला. “रेकॉर्डवर आहे तसं सलग हवंय मला.”

बाईंनी काठ्या मांडीवर ठेवल्या. “नक्की, दादा?”

“नक्की. नाटकं पुरे झाली.”

बाईंनी सलग वाजवलं. शेवटचं वळण आलं, आणि गिटारवाल्याचं बोट पोचलंच नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून अनामिका आखडली होती. हे त्यानं घरी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. सांगायचं कशाला? कार्यक्रमात तर बोटानं कधी दगा दिला नव्हता.

“परत.”

परत तेच. तार नुसती खरखरली. तिसऱ्यांदाही सूर मागाहून आला, लग्न लागल्यावर वऱ्हाड पोचावं तसा.

“तुम्ही घाई करताय बाई!”

 बाईंनी फक्त बाजूला ठेवलेल्या ताल मोजणाऱ्या यंत्राकडे बोट केलं. त्याचा लाल दिवा शांतपणे, एका लयीत लुकलुकत होता.

गिटारवाल्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली. आपल्या बोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “कधीपासून थांबतोय तो माझ्यासाठी?”

“सहा वर्षं झाली. आधी अर्धाच ठोका थांबायचे. मग एक. गेल्या वर्षापासून दोन.” वर्गात हळव्या पोराला चूक सांगावी तशा हलक्या आवाजात बाई बोलत होत्या. “तुमचं बोट जागेवर बसलं की मगच त्यांच्या काठ्या खाली येतात.”

“तुम्हाला त्यानं सांगितलं?”

“ते कसले सांगतात! गाणं आम्हाला पाठ आहे ना, दादा. आमच्यापासून काय लपणार?”

“आमच्यापासून म्हणजे?”

“सगळ्यांपासून. पहिल्यांदा ते अख्खा ठोका थांबले तेव्हा हॉल गप्प झाला, आणि त्या शांततेत तुम्ही एकटे बोट ओढताना दिसलात. आम्हाला बघवेना. पुढच्या कार्यक्रमापासून तिथं ओरडायचं ठरलं. सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून.”

 तरीही गिटारवाल्याच्या आतला काटा सुटेना. “मग नाव त्याचं का घेता?”

“तुमचं घेतलं असतं,” बाई म्हणाल्या, “तर तुम्हाला कळलं असतं.”

 मग तो उठला. पोस्टरवाल्याला फोन लावून चौथं नाव मित्राचंच सांगितलं. बाई हसून मान डोलावत होत्या. त्यांच्या हातात किल्ली देऊन तो जिना चढला, आणि रस्त्यावर येऊन ड्रमवाल्याच्या घराकडे चालू लागला.