आठ आणि तीन

"म्हणजे आता जोड फोडून विकायचे?" बुटांच्या दुकानदारानं लेकीला विचारलं आणि कपाळाला हात लावला.

लेकीनं पुन्हा समजावलं. ज्यांचे दोन पाय दोन मापांचे, त्यांना ज्या पायाला जो लागेल तो बूट द्यायचा आणि पैसे एकाच जोडाचे घ्यायचे. हाडांच्या दवाखान्यात तिनं दोन वर्षं नोकरी केली होती, अशी माणसं रोज पाहिली होती. लांबून शोधत येतील, म्हणत होती. उद्या सकाळी गाळा विकत घेणारा मोबाईलवाला कागदावर सही घ्यायला येणार होता. आज बापाला पटलं तरच दुकान तिचं, नाहीतर गाळा गेला.

बापाला कसलं पटतंय! हे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत, हे तो दिवसातून दोनदा ऐकवायचा. खरं तर उन्हात तो गेलाच होता कधी? तीस वर्षं गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून होता, आणि त्या खुर्चीतून गिऱ्हाइकाच्या खिशाखाली त्याची नजर कधी गेली नव्हती.

तेवढ्यात गणिताचे मास्तर काठी टेकत आत आले. जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी काळ्या बुटांचे दोन जोड न्यायचे, आठ नंबर स्वतःला, तीन नंबर पोराला. घालून बघणं नाही की घासाघीस नाही. दुकानदाराच्या लेखी देवमाणूस.

त्यानं लगेच लेकीचं खूळ तिखटमीठ लावून मास्तरांना सांगितलं. पोर शिकली, पण शहाणी काही झाली नाही, हेही सांगून टाकलं. परक्या माणसासमोर! लेक मान खाली घालून खोकी रचत राहिली. तिला रागापेक्षा बापाची लाजच जास्त वाटत होती.

"आता तुम्हीच सांगा हिला," दुकानदार म्हणाला. "असले बूट घेणारा एक तरी माणूस आहे का गावात?"

मास्तरांनी काठी गल्ल्याला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "मी आहे ना."

दुकानदार हसला. मास्तरांनीही आपल्यासारखीच थट्टा केली, असं त्याला वाटलं. "तुम्हाला कशाला? दुसरा जोड पोराचा ना?"

"मला मूलबाळ नाही. पहिल्या वर्षी तुम्हीच विचारलंत, 'पोराला का?' म्हणून. खरं सांगायची लाज वाटली, हो म्हटलं." मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा संथ होता. "बारा वर्षं त्या पोराचा पाय तीन नंबरच आहे. तुम्हाला कधी खटकलं नाही?"



मास्तर स्टुलावर बसले. या दुकानात ते पहिल्यांदाच बुटाच्या नाड्या सोडत होते. लेकीला म्हणाले, "घे पोरी, माप घे."

ती खाली बसली. दुकानदारही खुर्चीतून उठून पुढे वाकला. डावा बूट निघाला. आतलं पाऊल शाळकरी पोराएवढं होतं, आणि त्यावर पिवळ्या बदकांचा मोजा होता. गेल्या वर्षी दुकानदारानंच, पोराला म्हणून, फुकट दिलेला.