दोन बटणांची चिप

राजश्री मॅडमनी पडद्यावर नवीन आकृती लावली तेवढ्यात बन्सी उभा राहिला. तरातरा पुढे गेला आणि पिशवीतलं सर्किटचं कार्ड त्यानं टेबलावर आपटलं.

"हे ओळखता का?"

शिरूरच्या त्या हॉलमध्ये आसपासच्या कारखान्यांतले पंचवीस-तीस इंजिनिअर बसले होते. लॉजिकच्या चिपा आपल्या हातानं प्रोग्रॅम कशा करायच्या, हे शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा होती. सगळ्यांच्या माना बन्सीकडे वळल्या. त्याला तेच हवं होतं.

मॅडमनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. तेल आणि लोखंडाच्या भुकटीनं ते काळंमिट्ट झालं होतं. "माझं डिझाइन आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्रा दाबायच्या प्रेससाठी केलेलं."

"त्याच प्रेसनं माझ्या भावाची बोटं तोडली."

शेवटच्या रांगेत रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. बन्सीची आई. 'मला त्या बाईचं तोंड बघायचंय' म्हणून केडगावहून त्याच्याबरोबर एसटीनं आली होती. बन्सीनं नको म्हटलं, तरी ऐकलं नव्हतं.

बन्सी कारखान्यात मेंटेनन्सला होता. धाकट्या पप्पूला त्यानंच तिथं चिकटवलं आणि मुद्दाम या प्रेसवर उभं केलं, कारण सगळ्यांत सुरक्षित तीच. एक हात एका बटणावर, दुसरा दुसऱ्यावर. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येता कामा नये, हे बघायचं काम चिपचं. तेवढंच काम, आणि तेही तिला जमलं नाही.

वर कारखान्यानं पप्पूलाच चोर ठरवलं. म्हणे माल लवकर काढायला त्यानं एका बटणात लाकडाची खुंटी ठोकली होती. असं करणारी पोरं असतात, नाही असं नाही. पण पप्पू त्यातला नव्हता. अख्खी दिवाळी दौंडच्या दवाखान्यात गेली, आणि हाताची पट्टी सुटायच्या आत त्याला कामावरून काढल्याचा निरोप आला.

बन्सीच्या डोक्यातून दसरा जात नव्हता. त्या दिवशी घरच्यांना कारखान्यात बोलावलं होतं. त्यानं मोठ्या दिमाखात पॅनल उघडून आईला ही चिप दाखवली. ही आपल्या पप्पूला सांभाळते, म्हणाला. तेवढ्यात साहेबांनी पेढे वाटायला हाक मारली म्हणून पॅनल तसंच टाकून तो पळाला. त्या भोळ्या बाईनं प्रेसपुढं नारळ फोडला, ओटी भरली. आणि आठवडा उलटायच्या आत त्याच प्रेसनं तिच्या लेकाचा हात खाल्ला. हे आठवलं की बन्सीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"चिप चुकली, असं या सगळ्यांसमोर म्हणा," तो म्हणाला. "दुसरं काही नको मला."

"चुकली असेल तर म्हणेन. आधी तपासू दे."

मॅडमनी चिप सॉकेटमधून काढली आणि शिकवायच्या बोर्डावर बसवली. डावं बटण दाबलं. दिवा लागला नाही. उजवं दाबलं. नाही. दोन्ही दाबल्यावर लागला.

"चिप बरोबर आहे."

"हितं बरोबर चालंल," बन्सीचा आवाज चढला. रागाच्या भरात गावाकडची बोली तोंडात आली आणि त्यानं ती आवरली नाही. "तितं न्हाई चालली. तुमच्या पंख्याखालच्या टेबलावर सगळंच चालतंय."

"पॅनल कोण उघडतं?"

"मी. किल्ली माझ्याच कमरेला असती. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई मी. आता माझ्यावर ढकलताय व्हय?"

"ढकलत नाही, विचारतेय. माझंही नाव यात आहे." मॅडमचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही पुढे येऊन बसा. जे काय असेल ते तुमच्यासमोर होऊ दे."

रतनबाई पुढच्या खुर्चीत येऊन बसल्या. मॅडमकडं त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं. "दिसती लेकीवानी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आन् कामं ही असली."

मॅडमनी रिकाम्या सॉकेटचं कार्ड कॅमेऱ्याच्या भिंगाखाली ठेवलं. पडद्यावर सॉकेटचे पाय दाभणाएवढे दिसायला लागले. कापसाच्या बोळ्यानं त्यांनी वरची काजळी पुसली. खाली दोन पायांच्या मध्ये काहीतरी तांबडं थापलेलं होतं.

"गंज," कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी चिमट्यानं खरवडून पाहिलं. "गंज नाही. काहीतरी ओलं लागलंय आणि वाळलंय. हवा दमट झाली की यातून करंट जाणार. मग एक बटण दाबलं तरी चिपला वाटणार, दोन्ही दाबलीत."

बन्सीला ते कळायला एक क्षण लागला. मग त्याचे डोळे भरून आले. "म्हंजी खुंटी नव्हती. पप्पूनं खुंटी मारली नव्हती. आई, ऐकलंस का?"

"नव्हती," मॅडम म्हणाल्या. "हे मी कुठंही येऊन सांगेन."

पण बन्सीचा राग गेला नाही, त्याला नुसतं नवं तोंड फुटलं. त्यानं टेबलावर मूठ मारली. "मग हे लावलं कुणी? कोन का असंना, माझ्या भावाची गेली तशी त्याची बोटं तोडतो का न्हाई बघा."

मॅडमनी भिंग आणखी खाली आणलं. पडदा लालभडक झाला. कडेला पिवळी रेघ, आणि मधोमध रुतलेला तांदळाचा एक दाणा.

रतनबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. दौंडच्या दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, त्ये तर माझं कुंकू," त्या म्हणाल्या. "पप्पूला हीच सांभाळती म्हनलास न्हवं, म्हून समद्यांच्या आदी तिला लावलं व्हतं."