रक्तातला राग

वकिलाने अविराजच्या जनुकांचा अहवाल न्यायाधीशबाईंपुढे ठेवला. राग त्याच्या रक्तातच होता, आणि नव्या कायद्यात जन्मजात दोषाला शिक्षा नव्हती. समोर त्याची बायको वैजयंता मोडलेला हात गळ्यात बांधून बसली होती.

"त्याचे वडीलही असेच होते," मागून सासू म्हणाली. "तो तरी काय करणार?"

नियमाप्रमाणे वैजयंताचंही रक्त तपासलं होतं. तो अहवाल वाचून न्यायाधीशबाई चमकल्या. "हाच दोष तुमच्यातही आहे, यांच्यापेक्षा जास्त. तुम्ही कधी हात उचललात?"

"रोज उचलावासा वाटायचा." वैजयंताचा आवाज रागाने थरथरत होता. "लहानपणी मी भावाला चावले, तर आईने मला त्याची माफी मागायला लावली. यांनी बहिणीला बडवलं की घरचे म्हणायचे, मुलगाच तो. आणि कचेरीत साहेब यांच्यावर ओरडतात, तेव्हा हे रक्त कुठे जातं?"

अविराजला तुरुंगवास झाला. बाहेर सासूने तिला अडवलं. "म्हणजे माझं चुकलं म्हणतेस?"

वैजयंताच्या डोक्यात तिडीक गेली. धड हाताची मूठ वळली. ती मूठ तिने तशीच खाली ठेवली आणि म्हणाली, "हो."