आर्डिसची शवपेटी

"ही शवपेटी आत्ताच्या आत्ता इथून बाहेर काढा," केल्सी म्हणाली.

जेवणघरात कुणी जागचं हललं नाही. पडदे ओढून घेतलेले होते. नाकात ऑक्सिजनची नळी असलेला ऑर्व्हिल कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाडून झालरी करत होता. टेबलावरच्या वाडग्यात सोललेली द्राक्षं होती. अंधारात हात घातला की डोळे वाटावेत अशी. शेजारच्या पेल्यात एक खरी कवळी तरंगत होती. आणि मधोमध ती पेटी. नव्या फ्रिजच्या खोक्याची, शहाऐंशी वर्षांच्या आर्डिसने स्वतः काळी रंगवलेली.

केल्सी वृद्धाश्रमाची व्यवस्थापक. पोरगी वाईट नव्हती, पण मरण हा शब्द तिला चालत नसे. कुणी गेलं की सकाळच्या ओटच्या लापशीआधी दारावरची नावाची पाटी निघालेली असायची. मग सगळे खाली मान घालून लापशी खायचे. आर्डिसला त्या गप्प बसण्याचा वीट आला होता.

"आजी, हॅलोवीनला भोपळे ठेवा, गोळ्या वाटा. हे कशाला? गावातली मुलं येणार आहेत. घाबरतील ती!"

"ती आम्हाला वर्षभर घाबरतातच की," आर्डिस म्हणाली. "आमच्या हातांना, आमच्या वासाला. आज निदान आम्ही ठरवू, त्यांनी कधी घाबरायचं ते."

"बरोबर बोलली!" ऑर्व्हिल खोकत खोकत ओरडला.

केल्सीने सफाईवाल्याला हाक मारली. तेव्हा आर्डिसने वॉकर बाजूला सारला, ऑर्व्हिलचा खांदा धरला आणि दुखरा खुबा सांभाळत ती पेटीत उतरली. आडवी झाली. हात छातीवर जोडले.

"आता न्या उचलून," ती म्हणाली.

सफाईवाल्याने केल्सीकडे पाहिलं. केल्सी फणकाऱ्याने निघून गेली. जाताना मात्र तिने दिवा मालवला.

दुपारी मुलं सोंगं घेऊन आली. चेटकिणी, सांगाडे, एक मधमाशी. द्राक्षांत हात घालून किंचाळली, कवळी बघून पळाली. ऑर्व्हिल झालरीमागून असा काही घोरायचा की मोठी माणसंही दचकत. पेटीपाशी कुणी आलं की झाकणाखालून आर्डिसचा सुरकुतलेला हात हळूच बाहेर यायचा.

मग दारातून ओळखीचा आवाज आला. तिची नात मेरडिथ.

"टेसा आत नाही यायची. ती पणजीला घाबरते ना."

आर्डिसला ते ठाऊक होतं. ईस्टरला टेसा गाडीतून उतरलीच नव्हती. पणजीचा हात धरणार नाही म्हणून रडली होती. त्यानंतर मेरडिथ एकटीच यायची आणि मुलीला सर्दी झालीय म्हणून सांगायची.

झाकण ढकलून उठावं, पोरीला गोड हाक मारावी, असं आर्डिसच्या मनात आलं. पण ती उठली नाही. अंधारात डोळे मिटून पडून राहिली.

बाहेर पोरं टेसाला चिडवू लागली. "भित्री! भित्री!"

"मी नाही भित्री!"

पावलं वाजली. पोरांचा घोळका पेटीपाशी आला. आर्डिसने हात बाहेर काढला आणि हाताला लागलं ते मनगट गच्च धरलं. एकच किंकाळी उठली. खुर्च्या पडल्या, पोरं दाराकडे धावली. आर्डिसने मूठ सोडली.

ते मनगट मात्र तिथंच राहिलं. झाकण हळूहळू वर उचललं गेलं. पांढरी चादर पांघरलेलं एक छोटं भूत आत डोकावत होतं. चादरीच्या भोकांतून टेसाचे डोळे तिच्याकडे टक लावून बघत होते.

"पणजी, तू मेलीस?"

"अजून नाही."

बाहेर दुसरा घोळका जमल्याचा आवाज आला. टेसाने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पणजीकडे, आणि चादर गुडघ्यांवर ओढून पेटीत पाय टाकला.

"मग सरक ना जरा," ती कुजबुजली. "आता मी पकडणार."