हिरवा ठिपका

मुरबे बंदरावर वारा उठला होता आणि सकाळी येणारी नामदेवची बोट दुपार टळली तरी परतली नव्हती. त्याची बायको शकू मात्र शोधायला निघालेल्या दुसऱ्या बोटीच्या तांडेलाला, म्हणजे नाखव्याला, आडवी आली. “असल्या वाऱ्यात तुमी कशाला जीव धोक्यात घालता? मोबाइलवर बगा, त्यांचा ठिपका हिरवा हाय. बोटीला काय झालं असतं तर लाल दिसला असता. ह्ये अ‍ॅप आमच्या सलोनीनंच बनवलंय.” तांडेलानं सोडलेला दोर पुन्हा खुंटाला गुंडाळायला घेतला. मोठ्या क्लाऊड कंपनीत डिझायनर असलेली सलोनी आईच्या मागून पुढे धावली. पूर्वी सिग्नल तुटला की ठिपका करडा व्हायचा. चाचणीत तो बघून बायका घाबरल्या, म्हणून सिग्नल तुटला तरी आधीचा रंग तसाच ठेवायचं तिनंच ठरवलं होतं. “काका, दोर सोडा!” तिनं आईच्या हातातला मोबाइल हिसकावला. “आये, बाबा बुडाला तरी हा ठिपका हिरवाच ऱ्हाईल.”