कोरी चकती

प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढली, वळली, खाली उतरली. अगदी रोजच्यासारखी. तिने नमुना ठेवायचा होल्डर उघडून पुन्हा पाहिलं. सिलिकॉनची चकती कोरी होती. आज तिच्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.

रोज तिथे एक कपची असायची. केसाहून हजारो पट पातळ, अणूंच्या दोनच थरांची. व्होल्टेज दिलं की तिचं चुंबकत्व हवं तसं कमी-जास्त करता येतं, हे तिचं पाच वर्षांचं काम. त्यावरचा शोधनिबंध गेल्याच आठवड्यात स्वीकारला गेला होता. तेव्हापासून मोठा भाऊ तिला चुंबकबाई म्हणत होता, आणि आई भेटेल त्याला सांगत होती, "आमची मुलगी नळ फिरवावा तसं चुंबक कमी-जास्त करते."

तिने व्होल्टेज वाढवलं. कोऱ्या चकतीचंही चुंबकत्व वाढलं.

दुपारपर्यंत कारण सापडलं. पोलादी चिमट्याचे बारीक लोखंडी कण होल्डरवरच्या गोंदात अडकले होते आणि तारेतून गळणारा करंट त्यांचं चुंबक करत होता. कपचीचा काडीचा संबंध नव्हता.

तिचे मार्गदर्शक सर आपल्या खोलीत डबा खात होते. तिने आलेख पुढ्यात ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. सर चावायचे थांबले.

"कुणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच. सर, निबंध मागे घ्यावा लागेल."

सरांनी अर्धा डबा तसाच बंद केला. झाकण नीट बसलं होतं, तरी ते दाबत राहिले.

"तुझ्या आधी तो होता ना, शीळ घालत काम करायचा तो. तोही एकदा अशीच कोरी चकती घेऊन आला होता."

"कधी?"

"तू यायच्या आधी. तीन-चार महिने."

"मग?"

"मी म्हटलं, तुझे हात स्वच्छ नाहीत. जमत नसेल तर सोडून दे."

त्याने सोडलं होतं. 'टिकला नाही बिचारा,' एवढंच तिने पहिल्या दिवशी ऐकलं होतं, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसून कामाला लागली होती.

"मला खरंच तसं वाटलं होतं गं," सर म्हणाले. "तेव्हा."

त्या 'तेव्हा'पाशी ती अडकली. म्हणजे नंतर कधीतरी त्यांना शंका आली होती. आणि तरीही तिला ते रोज विचारत होते, काय म्हणतेय कपची?

"त्याचा नंबर द्या," ती शेवटी म्हणाली. "निदान त्याला तरी कळू दे."

सरांनी डायरी उघडली नाही, फोनही हातात घेतला नाही. सगळे आकडे एका दमात सांगितले. तिने ते आलेखाच्या कोपऱ्यात लिहून घेतले.

"लागत नाही तो," सर म्हणाले. "मी लावून बघतो अधूनमधून."