गार लाकूड

"सगळ्यात महाग कुठला?" दुकानात शिरल्या शिरल्या फिन्टनने विचारलं आणि डिंप्नाच्या डोक्यात तिडीक गेली.

"लाकडी पावा, शंभर युरोच्या आत," ती दुकानाच्या मालकिणीला, ऊनाला म्हणाली. "पैसे मी देणार. माझ्या भावाकडे लक्ष देऊ नकोस."

"अगं डिंप, मी देतो म्हणतोय ना."

"तुझं देणं पाहिलंय मी. सगळ्या गावाने पाहिलंय."

ऊना खण उघडून पावे शोधू लागली. आयर्लंडमधल्या एनिस गावच्या या दुकानात बासऱ्या आणि पावे विकताना तिचे केस पिकले होते, भांडणारी भावंडं तिला नवी नव्हती. शिवाय तीन आठवड्यांपूर्वी या दोघांच्या बापाच्या शवपेटीपाशी जे झालं, ते तिनेही पाहिलं होतं. पेटीचं झाकण लावायच्या ऐन वेळी फिन्टन उठला. खिडकीत पडलेला बापाचा, म्हणजे म्हाताऱ्या मिहोचा, लाकडी पावा त्याने उचलला आणि सगळ्यांदेखत बापाच्या हातात, जपमाळेशेजारी ठेवला. बायांनी डोळे पुसले. फादरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डब्लिनहून आलेल्या, आयुष्यात एक सूर न वाजवलेल्या लेकाचं काय ते कौतुक! तो पावा डिंप्नाला मिळायचा होता, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण मेलेल्या बापाच्या हातातून वस्तू काढून कोण घेणार? ती दात आवळून उभी राहिली आणि झाकणाचे स्क्रू फिरले.

आता रविवारी चर्चमध्ये बाबांची महिन्याची मिस्सा, त्यांच्यासाठीची प्रार्थना, होती. तिथे बाबांची संथ धून वाजवायची ती डिंप्नानेच. टिनचा पावा तिच्याकडे होता, पण टिनवर ती धून पत्र्यावर गारा पडल्यासारखी वाजते, हे खुद्द बाबांचं मत. जो गेला त्याच्या मिस्सेला त्याचंच मत मोडायचं, हे काही तिला जमणारं नव्हतं.

ऊनाने दोन पावे समोर ठेवले. एक पिवळसर, गुळगुळीत. दुसरा सफरचंदाच्या लाकडाचा, मधोमध काळा डाग होता म्हणून स्वस्त. डिंप्नाने एकही ओठाला लावला नाही. कोटाची बटणं काढून तिने दोन्ही डाव्या काखेत धरले, हात अंगाशी घट्ट दाबला आणि उभी राहिली. बाबा पबमधल्या कोपऱ्यात असेच बसायचे, डावा खांदा जरा वर, हनुवटी खाली. इतरांच्या दोन-दोन धुनी होऊन जायच्या, पण पावा अंगाएवढा उबदार झाल्याशिवाय ते तो बाहेर काढत नसत.

तेवढ्यात मागून किंचाळी आली. फिन्टनने काचेच्या कपाटातला काळ्या लाकडाचा, चांदीच्या कड्यांचा पावा काढून सरळ तोंडाला लावला होता. पावा किंचाळला, मग गुळण्या केल्यासारखा बुडबुडला आणि गप्प झाला.

"बिघडलेला दिसतोय," फिन्टन म्हणाला.

ऊनाने तो हिसकावूनच घेतला. "गार लाकडात फुंकतोस? आत तोंडाच्या वाफेचं पाणी होतं, घसा बसतो त्याचा. मिहोच्या घरात वाढलास ना रे तू?"

"राहिला घरात," डिंप्ना म्हणाली. "वाढला कुठे?"

तिने आधी पिवळा वाजवला. गोड होता, नको इतका गोड. मग डागाळलेला घेतला. त्याचा खालचा सूर जाड निघाला, जरासा घोगरा, सकाळी चहाच्या आधी बाबा बोलायचे तसा. धुनीची पहिली ओळ अर्धी झाली आणि ती थांबली. पुढचं इथे, या फिन्टनसमोर, वाजवणार नव्हती ती.

"हाच," ती म्हणाली.

"जा पोरी," ऊना म्हणाली. "रोज थोडाच वाजव. नवं लाकूड आहे, दमवू नकोस त्याला."

गाडीत बसल्यावर फिन्टनने दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "त्यांचे रिकामे हात बघवेनात, डिंप. तुझ्याकडून काही काढून घ्यावं असं मनात नव्हतं."

"मला एकदा विचारायला काय झालं होतं?"

"सुचलंच नाही."

"कुठून उचललास तो?"

"खिडकीतून. तूच पाहिलंस की."

"जानेवारीत. काचेवर आतून दव धरलं होतं." डिंप्नाचा आवाज चढला. "गारठलेला पावा दिलास तू त्यांच्या हातात, फिन्टन. थंडगार! आता ते कुठून ऊब आणणार त्याला?"



तिने नवा पावा त्याच्या मांडीवर टाकला. "काखेत धर. घरी गेल्यावर आईला ऐकवायचाय, आणि मला गाडी चालवायचीय. घर येईस्तोवर काढायचा नाही."

त्याने मुकाट्याने कोट उघडला. पावा आत सरकवून हात अंगाशी घट्ट दाबला. डावा खांदा जरा वर आला, हनुवटी खाली गेली आणि तो पबमधल्या कोपऱ्यात आपली पाळी यायची असल्यासारखा वाट बघत बसला.

डिंप्नाने एकदाच तिकडे पाहिलं. तिला इतका संताप आला की गाडीची किल्ली तिने समोर आपटली.

"तसा बसू नकोस!" ती ओरडली.

"कसा?" फिन्टनने विचारलं.